तीन भिंतींची हवेली

हंबीरराव सैन्यातून निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पण उंब्रजच्या स्टँडवर त्यांची काळी ट्रंक एसटीच्या टपावरून उतरवून घेताना कुणीतरी ‘ओ सुभेदार’ अशी हाक मारली आणि त्यांनी मान वळवली. तेव्हापासून ते आमच्या वाडीचे सुभेदार. सैन्यात अख्ख्या नोकरीत जी बढती मिळाली नाही ती वाडीनं एका हाकेत दिली.

हे एक्क्याण्णव सालचं. वाडी उंब्रजपासून आत, पाटणच्या रस्त्याला. सुभेदारांच्या वाट्याला रस्त्याकडेचा उसाचा तुकडा, त्याच्या टोकाला पत्र्याचं घर आणि घराला चिकटून म्हशीचा गोठा. घरात बायको बाळाबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी राजेश्वरी. शेजारी धाकटे भाऊ नानासो यांचं स्लॅबचं घर होतं. त्या स्लॅबकडं बघून सुभेदार रोज सकाळी दात घासत आणि रोज सकाळी म्हणत, “बांधायचं तर असं न्हाई बांधायचं.”

कसं बांधायचं, हे त्यांना टीव्हीनं सांगितलं.

मिलिटरी कॅन्टीनमधून त्यांनी रंगीत टीव्ही आणला होता. वाडीत रंगीत तेवढा एकच. त्यामुळं रविवारी सकाळी दहाला निम्मी वाडी त्या पत्र्याखाली जमायची. तेव्हा ‘चंद्रप्रताप की हवेली’ नावाची हिंदी मालिका लागे. मिशीवाला ठाकूर, त्याच्या दोन बायका, एक आंधळा मुनीम आणि दर आठवड्याला हरवणारं मृत्युपत्र. त्या तासाला उसाला पाणी पाजणारा माणूस पाटाचं दार तसंच सोडून पळत यायचा. एकदा एकाचं पाणी दुसऱ्याच्या हळदीत शिरलं. दोघं शेजारी शेजारीच बसले होते. भांडण त्यांनी केलं, पण मालिका संपल्यावर.

बाया थोरल्या ठकुराईनसाठी रडायच्या. पोरं धाकटीकडं बघायची. सुभेदार भिंतींकडं बघायचे. ठाकूर रागानं थरथरत मधे उभा राहिला की ते टीव्हीला ओरडायचे, “आवं ठाकूर, वाईच सरका की! खांब दिसंना!”

पहिल्यांदा आम्हाला ती चेष्टा वाटली. मग एका रविवारी त्यांनी हरिबा गवंड्याला आणून पुढच्या ओळीत बसवलं, तेव्हा लक्षात आलं की माणूस गंभीर आहे.

हरिबा गवंडी हा कुणालाच नाही न म्हणणारा माणूस. कोंबड्यांचं खुराडं सांगा, देवळाचं शिखर सांगा, “करू की” हे त्याचं उत्तर ठरलेलं. खुराडं शिखरासारखं व्हायचं आणि शिखर खुराड्यासारखं, पण कामाला नकार नाही. त्यानं हवेली बघितली आणि म्हणाला, “करू की.”

आता मापं कशी घ्यायची? टीव्हीत टेप कुठं घालणार? दोघांनी तोड काढली. ठाकूर भिंतीला टेकून उभा राहिला की हरिबा बोटांनी हिशेब करायचा. भिंत अडीच ठाकूर. दरवाजा दीड ठाकूर. कठडा पाऊण ठाकूर.

“आन एक ठाकूर म्हंजी किती धरायचा, सुभेदार?”

“सहा फूट.”

“एवढा दिसत न्हाई. साडेपाच धरू.”

“हरिबा, ठाकूर हाय त्यो! सहाला कमी ठाकूर असतो व्हय?”

झालं. सहा धरला. त्यामुळं पुढं हवेलीचा कठडा आमच्या वाडीतल्या निम्म्या माणसांच्या बगलेपर्यंत आला आणि दरवाजाची कडी काढायला सुभेदारांना टाच उचलावी लागली. पण ते नंतर.

खरी अडचण दुसरीच होती. दिवाणखान्याच्या तीन भिंती मालिकेत दर आठवड्याला दिसत. चौथी दिसेना. दोघांनी रविवारमागून रविवार वाट पाहिली. ठाकूर इकडून तिकडं गेला, मुनीम जिन्यावरून गडगडला, थोरलीला झटका आला, पण कॅमेरा मागं काही वळेना.

“चौथी भिंत ह्यांनी बांदलीच न्हाई काय?” हरिबानं विचारलं.

“बांदली आसंल. दाखवत न्हाईत. मोठ्या लोकांचं काय तरी आसंल त्या बाजूला.”

“मग आपुन काय करायचं?”

सुभेदारांनी विचार केला. मनची भिंत घालून हवेली बाटवायची त्यांची तयारी नव्हती. “मोकळी ठेव. दाखवली की घालू.”

जिन्याचं तेच झालं. दिवाणखान्याच्या मधोमध तो रुंद जिना, त्यावरून धाकटी ठकुराईन पदर सावरत उतरायची आणि आमच्या वाडीचा श्वास अडकायचा. पण ती उतरायची कुठून, वर काय आहे, हे कुणी दाखवलं नव्हतं. जिना जिथं संपतो तिथं एक पडदा. सुभेदार म्हणाले, पडद्यापर्यंत बांध.

बाळाबाई हे सगळं गोठ्याच्या दारातून ऐकत होत्या. बोलण्यात त्या उधळ्या नव्हत्या. एक दिवस भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, “आवं, ते ठाकूर रोज एवढी ताटं भरून जेवत्यात. शिजवतंय कोण? आन कुठं?”

“जेवण येतं.”

“कुठनं येतं?”

“बाजूनं येतं.”

“बाजूला काय हाय?”

सुभेदारांनी आठवून पाहिलं. बाजूला काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण नवऱ्यानं बायकोला ‘माहीत नाही’ असं उत्तर द्यायची आमच्याकडं रीत नाही. ते म्हणाले, “तुला काय करायचंय? तू पयल्यासारखी हितंच कर स्वैपाक.” आणि नकाशातून स्वयंपाकघर गेलं. न्हाणीघरही गेलं, कारण इतक्या भागांत ठाकुराला एकदाही तिकडं जावं लागलं नव्हतं.

आतलं असं ठरलं. बाहेरचं अजून राहिलं होतं. मालिकेच्या सुरुवातीला हवेली बाहेरून दिसे, दगडी, दोन मनोरे, सात कमानी खिडक्या. पण डोळ्याची पापणी लवायच्या आत नावं सुरू होत. मग राजेश्वरीनं एकदा पेपरची रविवारची पुरवणी वाचता वाचता सांगितलं, “आबा, ही हवेली मिरजेत आहे. कुणा इंग्रज साहेबानं शंभर वर्षांपूर्वी बांधलेली. लांबलांबून आर्किटेक्चरची मुलं बघायला येतात म्हणे.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सुभेदार आणि हरिबा मिरजेला. स्टेशनपासून विचारत विचारत गेले आणि एका वळणावर ती समोर उभी राहिली. तेच मनोरे, त्याच कमानी. सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि भर रस्त्यात सॅल्यूट ठोकला. मग त्यांनी पाटी वाचली. मूळव्याध, भगंदर व गुदरोग रुग्णालय.

“ठाकुराच्या घरात दवाखाना काढलाय गड्या,” हरिबा हळहळला.

आत सोडायला कंपाउंडर तयार होईना. “नंबर लावलाय का?”

“आमाला फकस्त बघायचंय.”

“बघायचं काम डॉक्टरांचं. नंबर लावा.”

लावला. दोन तास त्या बाकावर, बसू न शकणाऱ्या माणसांच्या रांगेत, सुभेदार ताठ बसून छत न्याहाळत राहिले. छत बुटकं, खोल्या अंधाऱ्या, भिंतींना औषधी कंपन्यांची कॅलेंडरं. दिवाणखाना कुठंच दिसेना. नंबर आला तसे ते आत गेले. डॉक्टरांनी मान वर न करता टेबलाकडं बोट दाखवलं, “विजार सोडून डाव्या कुशीवर व्हा.”

“साहेब, मी वेगळ्या कामानं...”

“सगळे असंच म्हणतात. लाजायचं नाही.”

सैन्यात हुकूम मोडायची सवय नव्हती. तपासणी झाली. निरोगी निघाले. मग विजार बांधत बांधतच त्यांनी दिवाणखान्याची चौकशी केली. डॉक्टर प्रथम चिडले, मग हसले.

“अहो, इथं त्यांनी दोन दिवस फक्त बाहेरून कॅमेरा लावला. आतलं सगळं मुंबईला. फळ्या ठोकतात, कागद चिकटवतात, रंग मारतात. शूटिंग संपलं की मोडून ठेवतात.”

“म्हंजी बाहेरचं हितं, आन आतलं तिथं?”

“हो.”

“मग अख्खी हवेली कुठं हाय?”

“कुठंच नाही.”

हरिबा मला पुढं सांगायचा की त्याला वाटलं, आता सुभेदार बसले खाली. कुणीही शहाणा माणूस तिथंच थांबला असता. सुभेदार दवाखान्याच्या पायरीवर आले, एकवार मनोऱ्यांकडं बघितलं आणि त्यांची छाती चार बोटं फुगली.

“हरिबा, ऐकलंस न्हवं? अख्खी कुणीच बांदलेली न्हाई. पयली आपली!”

“करू की,” हरिबा म्हणाला.

ती बांधली. त्र्याण्णवची दिवाळी ते चौऱ्याण्णवचा गुढीपाडवा. बाहेरचं मिरजेचं, आतलं मुंबईचं. दोन्ही एकमेकांत बसेनात, कारण ती एकमेकांसाठी कधी जन्मलीच नव्हती. बाहेरून सात खिडक्या, आतून तीन. उरलेल्या चार खिडक्या उघडल्या की समोर वीट. मनोऱ्यात शिरायला वाट नव्हती. एका मनोऱ्यात हरिबाचा थापी-ओळंबा राहिला तो राहिलाच. दगड परवडेना म्हणून सिमेंटवर रेघा ओढून दगड केले. दिवाणखान्याला तीन भिंती, चौथीकडून अंगण, अंगणापलीकडं गोठा आणि गोठ्यातून म्हैस थेट झुंबराकडं बघायची.

वाडीनं नावं ठेवली, यात काही विशेष नाही. वाडी त्यासाठीच असते. विशेष हे की नावं ठेवून झाल्यावर प्रत्येकजण त्या जिन्यावर उभा राहून फोटो काढून गेला. नानासोंनी भावाला वेड्यात काढलं आणि आपल्या नातवाचं जावळ मात्र त्याच दिवाणखान्यात केलं. “जागा प्रशस्त हाय,” ते म्हणाले, “डोकं नसलं म्हणून काय झालं.”

सुभेदार सुखात होते. दुपारी गळाबंद कोट घालून ते जिन्याच्या टोकाला पडद्यापाशी चढत, वळत आणि सावकाश उतरत. खाली बाळाबाई ताट घेऊन अंगण ओलांडून यायच्या. पावसात डोक्यावर पोतं घेऊन यायच्या. जेवण बाजूनं येत होतं.

मग चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये धाकट्या ठकुराईननं हवेली पेटवून दिली. मालिका संपवायची असणार, दुसरं काय. ठाकूर आत अडकला, पडदे जळाले, जिना कोसळला, आणि पडद्यावर ‘समाप्त’ आलं.

अकरा वाजायच्या आत सुभेदारांच्या अंगणात माणूस मावेना. सोमवारी शेजारच्या गावचे आले. मंगळवारी उंब्रजचे व्यापारी. टोपी काढून, खाली बघत, दुखवट्याला आल्यासारखे.

“वाईट झालं सुभेदार.”

“व्हय.”

“व्हत्याचं न्हवतं झालं.”

“आपल्या हातात काय असतंय.”

एकानं तर दबक्या आवाजात विमा होता का म्हणून विचारलं. हे सगळं चाललेलं धडधडीत उभ्या असलेल्या हवेलीच्या सावलीत बसून. आणि सुभेदार खांद्यावर टॉवेल टाकून मान हलवत होते. त्यांचं दुःख खरं होतं, हे सांगितलं पाहिजे. जी इमारत त्यांनी पहिल्यांदा खरी केली, तिचं खोटं रूप गेलं होतं, आणि खोटं गेल्यावर खऱ्याकडं कोण बघणार, ही धास्ती त्यांना रात्रंदिवस खात होती.

बाळाबाईंनी तीन दिवस चहा केला. चौथ्या दिवशी त्या अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

“जळलं ते टीव्हीत. दूध चाललंय माझं. ज्याला रडायचंय त्यानं आपापल्या घरी जाऊन रडावं.” आणि नवऱ्याकडं वळून, “आन तुमी टावेल काढा. पोरीचं लग्न ठरवायचंय. मांडव ह्याच अंगणात पडंल. एवढं बांदलंय तर कुणाच्या तरी उपेगाला येऊ द्या.”

लग्न ठरलं, डिसेंबरात उरकलं. व्हिडिओ शूटिंगला उंब्रजचा मिलिंद आला. आमच्याच वाडीच्या बौद्धवस्तीतला, स्टँडसमोर फोटो स्टुडिओ काढलेला, तिशीचा तरतरीत माणूस. त्यानं आत पाऊल टाकलं, तीन भिंती बघितल्या, उघडी बाजू बघितली, जिना बघितला आणि शिट्टी वाजवली.

“सुभेदार, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?”

“का?” सुभेदार दुखावून म्हणाले.

“आवं, घर म्हणून राहायला लय वाईट. पण कॅमेऱ्याला असं ठिकाण उभ्या जिल्ह्यात न्हाई. भिंत मधे येत न्हाई, उजेड समोरनं, पाचशे माणूस अंगणात बसून सगळं बघतंय. घर न्हवं हे, सेटच हाय.”

सुभेदारांना शिवी दिल्यासारखं झालं. बाळाबाईंना नाही. त्यांनी कान टवकारले.

मिलिंदनं राजेश्वरीला गुपचूप जिना चढवून पडद्यामागं वीतभर जागेत उभं केलं, सनई लावली आणि हात केला. ती उतरली. नवरा मुलगा मुंडावळ्या वर करून बघत राहिला. ती कॅसेट मसूरला गेली, चाफळला गेली, कराडला पाहुण्यांत फिरली. फाल्गुनात लोक तारखा विचारायला यायला लागले.

“हवेली भाड्यानं?” सुभेदार कडाडले. “ठाकूर भाड्यानं देतो व्हय?”

“ठाकूर जळला,” बाळाबाई म्हणाल्या. पहिल्या तीन लग्नांच्या भाड्यात त्यांनी गोठा पाडून पक्कं स्वयंपाकघर बांधलं, बारा चुलवणाचं, वर धुराडं, बाजूला न्हाणी. हरिबाला त्यांनी टीव्ही न दाखवता काम सांगितलं आणि ते सरळ झालं. पाटी लागली: ‘हंबीरराव मंगल कार्यालय’. नावावर सुभेदार विरघळले. लग्नाच्या दिवशी ते कोट घालून दाराशी उभे राहत. वऱ्हाडातले काही त्यांना मालक समजून नमस्कार करत, काही दरवान समजून हातात बॅग देत. ते दोन्ही रुबाबात घेत.

शहाण्णवच्या मे महिन्यात मिलिंद स्वतःच तारीख मागायला आला. बहिणीचं, दीपमालाचं लग्न होतं. ती साताऱ्यात शाळेवर शिक्षिका. सुभेदारांनी हो म्हटलं. संध्याकाळी नानासो आले, पाठोपाठ भावकीतले चौघं. कुणी तोंडानं काही म्हणेना. आमच्याकडं असलं बोलणं तोंडानं होत नाही. “पायंडा पडंल,” एक म्हणाला. “आपल्या लोकांच्या तारखा मोडत्याल,” दुसरा म्हणाला. सैन्यात सगळ्या जातींच्या जवानांबरोबर एका लंगरात जेवलेल्या सुभेदारांनी सकाळी मिलिंदला निरोप धाडला, त्या तारखेला डागडुजी काढली आहे.

मिलिंद आला. भांडला नाही. “कसली डागडुजी?”

“भिंतीची.”

“कुठल्या?”

सुभेदारांनी तिन्ही भिंतींकडं आळीपाळीनं बघितलं.

“बरं,” मिलिंद म्हणाला. “माझ्याबी कॅमेऱ्याची डागडुजी निघाली. ह्या हंगामात तुमच्या कार्यालयात माझं शूटिंग बंद. पाहुण्यांनी विचारलं तर कारण सांगीन. खरं कारण.”

वाडीचा धर्म चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी दोन वरपित्यांनी निरोप पाठवला की मिलिंदची कॅसेट निघणार नसेल तर आम्ही कराडला जातो. त्यातला एक नानासोंचा व्याही होता. नानासो दुपारीच आले आणि म्हणाले, “दादा, काळ बदलतुय, आपुन मागं राहून कसं चालंल?” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर कुठं सुरकुती नव्हती.

बाळाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “लाज वाटून दिली असती तर बरं झालं असतं. गरज पडली म्हणून देताय.” त्या स्वतः बौद्धवस्तीत जाऊन तारीख कळवून आल्या. दीपमालाच्या आईनं चहा दिला. त्यांनी घेतला. मिलिंदनं भाडं एका पैशानंही कमी करू दिलं नाही, सुभेदारांनी सूट देऊ केली तर म्हणाला, “सूट नको, पावती द्या.”

लग्नादिवशी जिन्याच्या पायथ्याशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी मांडल्या. सुभेदारांनी पडदा झाडून ठेवला होता. पण दीपमालानं जिन्याकडं बघितलं आणि भावाला म्हणाली, “दादा, वर जाऊन पुन्हा खाली यायचं? कशाला? मी आपली चालत येते.” ती पांढऱ्या साडीत अंगणातून, माणसांमधून, उघड्या बाजूनं सरळ आत आली. मिलिंदनं तेच शूट केलं. सुभेदारांना मात्र जिना वाया गेल्याचं दिवसभर लागून राहिलं. त्यांना लागलं ते एवढंच.

त्यानंतर चारेक वर्षांत पाटणच्या रस्त्याला आणखी तीन कार्यालयं झाली. मनोरे, जिना, आणि एका बाजूनं उघडी. बांधणाऱ्यांनी ना ती मालिका बघितली होती, ना मिरज. ते गवंडी घेऊन आमच्या वाडीत येत, आणि सुभेदार त्यांना स्वतः हिंडून मापं देत. प्रत्येक उद्घाटनाला त्यांना नारळ वाढवायचा मान असे. ते कोट घालून जात, भिंतीवर टिचकी मारत, खिडक्या उघडून बघत आणि परत आल्यावर बाळाबाईंना नाराजीनं सांगत, “खिडक्या खोट्याच केल्यात त्यांनी. पण मन लावून न्हाई केल्या.”

बाळाबाई पुढच्या लग्नाचे तांदूळ निवडत असायच्या. त्या मान वर करत नसत.